विद्यापीठाच्या वेबसाइटवरून आपल्या धंद्याला लिंक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या उद्योगांच्या वेबसाइट सांभाळणं हे माझं रोजचं काम. ‘सर, एखाद्या कॉलेजची लिंक मिळवून द्या ना’ ही मागणी आठवड्यातून एकदा तरी येतेच. त्या लिंकेने गूगलमध्ये आपण वर दिसू, ही त्यामागची आशा. तेच ते मेल पुन्हा पुन्हा टंकण्यापेक्षा उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, फक्त नावं-गावं काढली आहेत.

1. एज्यु, एज्यु डॉट इन, एसी डॉट इन यांतली ‘खरी’ विद्यापीठाची लिंक कोणती?

नुसतं डॉट एज्यु (.edu) हे वेब पत्त्याचं शेपूट मुख्यतः अमेरिकेचं. एज्युकॉज ही संस्था ते सांभाळते आणि 2001 पासून तिथल्या मान्यताप्राप्त उच्चशिक्षण संस्थांनाच ते मिळतं. त्याआधी इतरांनी घेतलेली काही जुनी नावं तेवढी टिकून आहेत. आपल्याकडे एसी डॉट इन, एज्यु डॉट इन आणि संशोधन संस्थांसाठी आरईएस डॉट इन ही नावं ईआरनेट इंडियामार्फत मिळतात. पुणे, मुंबई, शिवाजी आणि गोवा विद्यापीठ, तसंच आयआयटी मुंबई एसी डॉट इनवर आहेत. सिम्बायोसिस आणि एमआयटी-डब्ल्यूपीयू एज्यु डॉट इनवर. कित्येक जुनी, नावाजलेली कॉलेजं तर साध्या डॉट ओआरजीवर किंवा डॉट कॉमवरही आहेत आणि त्यांची लिंक तितकीच खरी. बार्शीच्या कारखानदाराने ओहायोच्या कॉलेजची लिंक मागत फिरण्यात काही अर्थ नाही.

2. अशा लिंकला गूगल जास्त मार्क देतं, हे खरं का?

नाही. नावाच्या शेवटी एज्यु किंवा एसी आहे म्हणून गूगल वेगळं वजन देत नाही, हे गूगलच्या माणसांनी अनेकदा उघडपणे सांगितलंय. त्यांच्यातल्या जॉन म्यूलर यांनी तर असंही सांगितलंय की या गैरसमजापायी एज्यु साइटवर लिंकांचा इतका कचरा टाकला जातो, की तिथल्या ढीगभर लिंका गूगल मोजतच नाही.

मग हा समज आला कुठून? विद्यापीठांच्या साइट जुन्या असतात, त्यांना जगभरातून लोक स्वतःहून लिंक देतात, त्यामुळे त्यांच्या चांगल्या पानांना मुळातच वजन असतं. ते वजन पानाचं, आडनावाचं नाही. गंमत अशी की गूगलचा जन्मही विद्यापीठातलाच. स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँक, म्हणजे पानाचं वजन मोजायची पद्धत, मांडली, ती शोधनिबंध एकमेकांचे संदर्भ देतात त्या रीतीवरून. जास्त लोक ज्याचा हवाला देतात ते जास्त कामाचं, एवढा साधा विचार. सुरुवातीला गूगल स्टॅनफर्डच्याच पत्त्यावर चालायचं.

3. विशेष मार्क नसतील तर एवढा खटाटोप कशाला?

लिंकेमागून माणसं येतात म्हणून. विभागाच्या पानावरून येणारा वाचक थोडा असतो, पण कामाचा असतो. इंटर्नशिप शोधणारा विद्यार्थी, उपकरणाचं कोटेशन हवं असलेला प्रयोगशाळा सहायक, प्रोजेक्टसाठी कारखाना शोधणारे प्राध्यापक. माझ्या एका ग्राहकाला अशा एका लिंकेवरून महिन्याला जेमतेम दहा-बारा लोक येतात. त्यांतूनच त्याला दोन चांगली मुलं कामाला मिळाली. तेवढ्यासाठी त्याने नोकरीच्या जाहिरातीवर किती पैसे घातले असते याचा हिशेब तोच करतो, मी नाही.

4. आमचं वर्कशॉप लहान आहे. विद्यापीठ आमची लिंक का देईल?

‘विद्यापीठ’ कधीच लिंक देत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. लिंक देतो एखादा माणूस. विभागप्रमुख, टीपीओ (प्रशिक्षण आणि नोकरीभरती पाहणारे अधिकारी), ग्रंथपाल, माजी विद्यार्थी संघाचे सचिव, नाहीतर ज्यांच्या गळ्यात ‘वेबसाइट समन्वयक’ हे काम पडलंय ते बिचारे प्राध्यापक. यांतल्या प्रत्येकाला स्वतःचा एक कागद पूर्ण करायचा असतो. तुमच्यामुळे तो कागद पूर्ण होत असेल तर लिंक आपसूक येते.

आणि सध्या कागद भरपूर आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, श्रेयांकांसह आलंय. मुलांना पाठवायचं कुठे, हा प्रश्न तालुक्याच्या कॉलेजातल्या प्रत्येक विभागाला पडलाय. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, उद्योगांशी सहकार्याचे पुरावे लागतात. स्वायत्त कॉलेजांच्या अभ्यास मंडळावर उद्योगक्षेत्राचा एक प्रतिनिधी घ्यावाच लागतो. तो मोठ्या कंपनीचाच हवा असं कुठे लिहिलेलं नाही; पाच लेथवाला, पण मुलांसमोर तासभर नीट बोलू शकणारा माणूसही चालतो. उलट मोठ्या कंपनीच्या एचआरला चार मेल टाकून दमलेल्या सरांना तुमच्यासारखा, फोन उचलणारा माणूस जास्त आवडतो.

5. लिंक नेमकी कुठल्या पानावर मिळू शकते?

मेल टाकण्याआधी त्या साइटवर तासभर फिरा. विभागाचं ‘इंडस्ट्री लिंकेज’ पान, ओजेटी देणाऱ्यांची यादी, माजी विद्यार्थ्यांचे उद्योग, व्याख्यानांचे अहवाल, ग्रंथालयाची ई-संसाधनं, प्राध्यापकांची स्वतःची पानं. शेवटच्या दोन जागांकडे लोक दुर्लक्ष करतात. आयआयटीसारख्या ठिकाणी प्राध्यापक आपलं पान स्वतः सांभाळतात, तिथे समितीची परवानगी वगैरे काही लागत नाही.

गूगलमध्ये ‘साइट’ (site) हा इंग्रजी शोधशब्द, अपूर्णविराम (:) आणि कॉलेजचा पत्ता मध्ये जागा न सोडता टाकून पुढे आपला विषय लिहिला की त्या साइटवरचीच पानं दिसतात. मराठीत शोधताना एक अडचण येते. जुनी परिपत्रकं बऱ्याचदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेली असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण शोधयंत्राच्या दृष्टीने ती निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी. ‘ऊस’ शोधून काही सापडलं नाही म्हणजे उसावर काही नाही असं समजू नका.

टीपीओच्या पानावर कंपन्यांच्या लोगोंची भिंत असते, तिचा मोह टाळा. बहुतेकदा ते सगळे लोगो मिळून एकच चित्र असतं, त्यावर क्लिकच होत नाही.

6. मेल कोणाला आणि कसा लिहावा?

प्राचार्य किंवा कुलसचिवांना थेट लिहिलं तर मेल ‘योग्य कार्यवाहीसाठी’ म्हणून खाली जातो आणि तिथेच मुरतो. विभागप्रमुखांना लिहा. प्रवेश आणि परीक्षेचे दिवस टाळा. ऑगस्टची अखेर किंवा जानेवारी बरी. साधारण असा मजकूर चालतो:

‘मा. विभागप्रमुख, सप्रेम नमस्कार. आमचा मिरज एमआयडीसीत पंप दुरुस्तीचा कारखाना आहे. द्वितीय वर्षाच्या चार विद्यार्थ्यांना दिवाळीनंतर ओजेटीसाठी घेऊ शकतो. कामाचं स्वरूप, वेळ आणि देखरेख करणाऱ्या व्यक्तीचं नाव सोबतच्या पानावर आहे. सोयीचं असेल तर गुरुवारी येऊन भेटतो.’

यात लिंक हा शब्दच नाही, हे लक्षात आलं का? लिंकेचं बोलणं काम झाल्यावर. तेव्हा पत्ता, कंपनीचं अचूक नाव आणि दोन ओळींची माहिती तयार करून द्या, समन्वयकाला नुसतं चिकटवता आलं पाहिजे. लिंकेवरचा मजकूर कंपनीचं नाव एवढाच ठेवा. ‘सांगलीतील सर्वोत्तम पंप दुरुस्ती’ असा मजकूर द्याल तर सरांनाही वास येतो आणि गूगललाही.

7. कॉलेजशी एमओयू झाला, त्यांच्या साइटवर यादीत नावही आलं. तरी लिंक दिसत नाही. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ती यादी उघडून बघा. सामंजस्य करारांचा, म्हणजे एमओयूंचा, तक्ता वर्डमध्ये केला, प्रिंट काढली, समन्वयकांनी सही केली, प्राचार्यांचा गोल शिक्का त्यावर जरा तिरपा बसला, मग स्कॅन करून पीडीएफ चढवली. तुमचा वेब पत्ता त्या कागदावर आहे, पण तो आता अक्षरं नसून फोटो आहे. त्यावर बोट दाबून काही होत नाही.

पीडीएफमध्ये लिंक मोजली जात नाही, हा मात्र गैरसमज. वर्ड किंवा एक्सेलमधून थेट केलेल्या पीडीएफमधली जिवंत लिंक गूगल वाचतं आणि साध्या पानावरच्या लिंकेसारखीच धरतं, हे त्यांनी 2011मध्येच स्पष्ट केलंय. तेव्हा समन्वयकांना विनंती एवढीच करा: सही-शिक्क्याची प्रत पुरावा म्हणून राहू द्या, पण यादी थेट केलेल्या पीडीएफमध्ये किंवा विभागाच्या पानावरही टाका. नॅकसाठी जिओ टॅग फोटोंसह अहवाल त्यांना करायचाच असतो. त्याचा कच्चा मसुदा तुम्ही टाइप करून दिलात तर ते दोनदा आभार मानतील.

8. एमओयूतच ‘कॉलेजने आमची लिंक द्यावी’ असं कलम घालावं का?

घालू नका. करारातून लिंक सक्तीची करणं, आणि ती नोफॉलो (‘ही आमची शिफारस धरू नका’ अशी गूगलसाठीची खूण) ठेवायची की नाही हे ठरवायची मुभा समोरच्याला न देणं, हे गूगलच्या स्पॅम धोरणात नाव घेऊन नमूद केलेलं आहे. शिवाय असं कलम पाहिलं की कॉलेजचा विधी सल्लागार सगळा करारच महिनाभर अडवतो, हा अनुभव मी एकदा घेतलाय.

9. स्कॉलरशिप जाहीर केली की कॉलेजं लिंक देतात म्हणे?

अमेरिकेत हा धंदा वर्षानुवर्षं चालला. गादी विकणाऱ्यांपासून वकिलांपर्यंत प्रत्येकाने पाचशे-हजार डॉलरची शिष्यवृत्ती जाहीर करायची, ‘गादीचं महत्त्व’ यावर निबंध मागवायचा आणि शेकडो कॉलेजांच्या आर्थिक साहाय्य विभागांना मेल धाडायचे. आता ती पानं ओळखू येतात, बऱ्याच कॉलेजांनी अशा याद्याच बंद केल्या आहेत, आणि विषयाशी संबंध नसलेल्या पानावरच्या लिंकेत जीवही नसतो.

खरंच मदत करायची असेल तर जरूर करा. आपल्याच व्यवसायाशी जोडलेला एक विभाग निवडा, रक्कम कॉलेजमार्फत द्या, निवड त्यांना करू द्या, आणि निदान तीन वर्षं तरी मोडू नका. जाहीर करून न दिलेली शिष्यवृत्ती गावात फार काळ लक्षात राहते.

10. कॉलेज फेस्टला प्रायोजक झालो तर?

प्रसिद्धीसाठी व्हा, लिंकेसाठी नको. एक तर मोठ्या महोत्सवांच्या साइट विद्यापीठाच्या पत्त्यावर नसतातच. आयआयटी मुंबईचे मूड इंडिगो आणि टेकफेस्ट दोन्ही स्वतःच्या डॉट ओआरजीवर आहेत. दुसरं, छोट्या फेस्टचं पान पुढच्या वर्षीच्या कमिटीने पुसलेलं असतं. तिसरं, पैसे देऊन मिळालेली लिंक ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ अशी खूण करूनच असायला हवी (प्रश्न 12 पाहा).

इन्क्युबेशन सेंटरचं, म्हणजे नव्या उद्योगांना हात देणाऱ्या केंद्राचंही तसंच. आयआयटी मुंबईचं साइन आणि पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर यांचे पत्ते वेगळे आहेत. तिथे नाव लागणं मोलाचं आहेच, पण ‘एसी डॉट इन मिळालं’ असा हिशेब करत बसू नका.

11. एकजण पाच हजारांत 50 एज्यु लिंका देतोय. घेऊ का?

नको. या लिंका तीन ठिकाणांहून येतात: विद्यार्थ्यांच्या नावाने उघडलेली रिकामी प्रोफाइलं, टिप्पण्यांची बेवारस पानं, आणि हॅक केलेल्या साइट. तिसरा प्रकार आपल्या एसी डॉट इनवरही सर्रास दिसतो. कॉलेजच्या एखाद्या विसरलेल्या फोल्डरात सट्ट्याच्या आणि कसिनोच्या पानांची रांग लागलेली असते आणि प्राचार्यांना पत्ताही नसतो. तुमचं नाव त्या रांगेत हवंय का? पैसे घेणारा यादी दाखवेल, त्यातलं एखादं पान उघडून बघा म्हणजे पुरे.

आधीच घेतल्या असतील तर घाबरू नका. बहुतेक वेळा गूगल अशा लिंका शून्य धरून पुढे जातं. सर्च कन्सोलमध्ये (साइटच्या मालकांसाठीचं गूगलचं साधन) मॅन्युअल अॅक्शनची, म्हणजे गूगलच्या माणसांनी केलेल्या कारवाईची, सूचना आली असेल तरच लिंका काढायला लावणं आणि उरलेल्या नाकारणं, हे काम हाती घ्या.

12. लिंक मिळाली, पण ती नोफॉलो आहे. फुकट गेली का?

नोफॉलो ही खूण 2005मध्ये आली, टिप्पण्यांतल्या कचऱ्यावर उपाय म्हणून. 2019मध्ये तिच्या जोडीला ‘स्पॉन्सर्ड’ आणि ‘यूजीसी’ या दोन खुणा आल्या. (ही यूजीसी म्हणजे वापरकर्त्यांनी टाकलेला मजकूर, एका प्राचार्यांना ती अनुदान आयोगाची अट वाटली होती आणि त्यांनी ती सगळ्या साइटवर लावायला सांगितली.) तेव्हापासून गूगल या खुणांना हुकूम न मानता इशारा मानतं. माणसांना मात्र खूण दिसत नाही, ती क्लिक करतातच. सरांना फोन करून ‘नोफॉलो काढा’ म्हणू नका. त्यांना ते कळणार नाही, आणि कळलं तर आवडणार नाही.

13. न मागता लिंक मिळावी असं साइटवर काय ठेवावं?

जे तुमच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे ते.

माझा एक ग्राहक सांगली भागातला, जमिनीतला ओलावा मोजणारी यंत्रं बनवतो. साइटवर ‘आमच्याबद्दल’, ‘उत्पादने’, ‘संपर्क’. याला कोण लिंक देणार? एकदा त्याच्या ऑफिसात चहा पिताना टेबलाखाली रजिस्टरांचा गठ्ठा दिसला. द्राक्षबागांतल्या तीन हंगामांच्या नोंदी, 15, 30 आणि 45 सेंटिमीटर खोलीच्या, रोज सकाळी घेतलेल्या. आम्ही त्या टाइप करून घेतल्या. प्रत्येक बागेपुढे माती काळी की मुरमाड ते लिहिलं, पाणी कधी दिलं ते लिहिलं, शेतकऱ्यांची नावं काढली आणि एक्सेल फाइल फुकट उतरवता येईल अशी ठेवली. त्याच्याकडून पूर्वी यंत्र घेतलेल्या एका कृषी महाविद्यालयातल्या मॅडमना दाखवली. त्यांनी प्रात्यक्षिकाच्या संदर्भपानावर लिंक दिली. वर्षभरात आणखी दोन ठिकाणांहून लिंका आल्या, ज्यांच्याशी आमचं बोलणंही झालं नव्हतं.

मध्येच एका विद्यार्थ्याचा मेल आला, फेब्रुवारीतले नऊ दिवस कोरे का? ग्राहक म्हणाला, सरासरी काढून भरून टाकू. मी म्हटलं, खरं काय झालं होतं? तर उंदराने वायर कुरतडली होती. पानावर तसंच लिहिलं: ‘12 ते 20 फेब्रुवारी नोंद नाही, उंदराने वायर तोडली.’ मॅडमनी नंतर सांगितलं, ती ओळ वाचून त्यांचा बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसला.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या परिसरात असं साहित्य असलेले शेकडो छोटे व्यावसायिक असतील. फौंड्रीवाल्याकडे नापास कास्टिंगच्या फोटोंचा साठा असतो, हिशेबनिसाकडे नावं झाकून दाखवता येतील असे भरलेले नमुना फॉर्म, छापखान्याकडे जुन्या ठशांचे नमुने. शिकवणाऱ्याला वर्गात दाखवायला खरी वस्तू हवी असते. ‘टॉप 10 टिप्स’ छापाच्या लेखाला कोणी प्राध्यापक लिंक देत नाही.

14. मी त्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी आहे. त्याचा उपयोग?

सगळ्यात सोपा रस्ता, आणि लोक हाच विसरतात. माजी विद्यार्थी संघाकडे नोंदणी करा, उद्योजक म्हणून नाव द्या, स्नेहमेळाव्याला जा. तुम्हाला शिकवलेले सर अजून तिथे असतील तर प्रश्न 6 मधल्या मेलची गरजच नाही.

15. बदल्यात आम्ही आमच्या साइटवर कॉलेजची लिंक दिली तर चालेल?

खरं नातं असेल तर चालेल. तुमची मुलं तिथून येतात, तुम्ही तिथे शिकवता, दोघांनी एकमेकांचा उल्लेख केला, यात गैर काही नाही. गूगलची हरकत अदलाबदलीच्या बाजाराला आहे. वीस कॉलेजांच्या लिंकांचं ‘आमचे मित्र’ पान करू नका.

16. अमेरिकेत आमचं किराणा आणि डब्यांचं दुकान आहे. तिथे काय करता येईल?

तिथे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयं नव्याने येणाऱ्यांसाठी परिसराची माहिती देतात: भारतीय किराणा, जेवण, बस. त्या पानात बसायला जाहिरात नको, माहिती हवी. कॅम्पसवरून कुठल्या बसने यायचं, उघडं कधी, विद्यार्थ्यांना सवलत किती, हे एका पानावर स्वच्छ लिहा आणि ऑगस्टचं सत्र सुरू होण्याआधी महिना-दीड महिना कळवा. भारतीय विद्यार्थी संघटनांची पानं दरवर्षी नव्या मुलांच्या हाती जातात, तेव्हा दरवर्षी पुन्हा कळवावं लागतं.

17. आमचे क्लासेस आहेत. आम्हालाही हे सगळं लागू का?

इथे गाडी अडते. कॉलेजं क्लासेसना शक्यतो लिंक देत नाहीत. दिली तर पालक विचारतात, मग वर्गात काय शिकवता? प्रवेशाचा सल्ला विकणाऱ्यांचंही तेच. तुमच्याकडे वापरण्याजोगं साहित्य असेल, उदाहरणार्थ मराठी-इंग्रजी परिभाषेची चांगली यादी, तर प्रश्न 13चा रस्ता मोकळा आहे. नाहीतर हा नाद सोडून दुसरीकडे कष्ट घ्या.

18. लिंक दोन वर्षं होती, कॉलेजने नवी साइट केली आणि गेली. आता?

दर नॅक फेरीच्या आसपास नवा वेंडर येतो आणि जुनी पानं गुंडाळली जातात. तुमची लिंक असलेलं जुनं पान कसं होतं ते वेबॅक मशीनवर, म्हणजे जुन्या वेबपानांच्या संग्रहात, सापडतं. त्याचा दुवा आणि नव्या साइटवरची योग्य जागा असा दोन ओळींचा मेल समन्वयकांना करा. समन्वयक बदललेले असतात, त्यामुळे ओळख नव्याने द्या. उलटंही तपासा: तुम्हीच साइट बदलताना जुना पत्ता मोडला असेल तर कॉलेजची लिंक कोऱ्या पानावर जात असेल. तो दोष तुमचा, आणि पुनर्निर्देशन (रीडायरेक्ट) लावून दहा मिनिटांत दुरुस्त होणारा.

19. माझी बायको त्याच कॉलेजात प्राध्यापक आहे. तिच्या विभागाच्या पानावर लिंक टाकली तर?

तिला एकटीला ठरवू देऊ नका. तुमचं काम विभागाच्या खरंच उपयोगी असेल तर प्रस्ताव विभागप्रमुखांकडे तुमच्या सहीने जाऊ द्या, नातं त्यात लिहा आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. सरकारी किंवा अनुदानित कॉलेज असेल तर हे आणखी जपून, कारण माहिती अधिकारात कोणी विचारलं तर उत्तर तिला द्यावं लागेल. तिच्या स्वतःच्या पानावर, ती जिथे आपले शोधनिबंध ठेवते तिथे, घरच्या दुकानाची लिंक नकोच.